निजामाचं न झालेलं सार्वमत

1947 साली सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून कुणी तुळजापूरला देवीच्या दर्शनाला निघालं, तर त्याला वाटेत देश बदलावा लागे. तुळजापूर वेस मागे टाकायची, पंचवीसेक किलोमीटर चालायचं, की तामलवाडीच्या आसपास इंग्रजी मुलूख संपे आणि मोगलाई सुरू होई. तिथला नाका निजामाचा आणि रुपया हाली शिक्क्याचा. महाराष्ट्राची कुलस्वामिनी निजामाच्या हद्दीत होती आणि तिचे निम्मे भक्त हद्दीबाहेर. बार्शी तालुक्याची अवस्था तर आणखी चमत्कारिक होती. इंग्रजी गावांत निजामाची गावं आणि निजामाच्या गावांत इंग्रजी गावं अशी तिथल्या नकाशाची भेसळ होती. कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरला जाणारी छोटी रेल्वे एकाच फेरीत दोन राज्यांतून धावे. शिवाय सोलापूरच्या मागांवर बसलेल्या पद्मशाली विणकरांचं मूळ तेलंगणातलं, म्हणजे तेही निजामाच्याच राज्यातलं. हैदराबादचं काय होणार, ही सोलापूरकरांच्या दृष्टीनं परराष्ट्राची बातमी नव्हती.

पण या शेजाऱ्याचं काय व्हावं, हे तिथल्या रयतेला विचारायचं कुणी? 1946 च्या 2 जूनला इटलीत हा प्रश्न सरळ मतपत्रिकेवर छापला गेला होता: राजा हवा की प्रजासत्ताक? सव्वा कोटीहून जास्त लोकांनी प्रजासत्ताक म्हटलं, एक कोटी सात लाखांनी राजा म्हटलं, आणि पंधरा दिवसांच्या आत उंबेर्तो राजानं देश सोडला. जेमतेम महिनाभर गादीवर बसलेल्या या राजाला लोक 'मे महिन्याचा राजा' म्हणत. पुढे ग्रीसनं 1974 साली असंच मत घेऊन राजेशाही संपवली आणि ऑस्ट्रेलियानं 1999 साली मत घेऊन ती ठेवली.

आपल्याकडे साडेपाचशेच्या वर राजे होते आणि त्यांच्यापैकी जवळपास कुणाच्याही बाबतीत ही मतपत्रिका छापली गेली नाही. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1939 च्या जानेवारीतच आपण होऊन सत्ता रयतेच्या हाती दिली. त्या घटनेमागे गांधीजींचा सल्ला होता आणि मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरची धडपडही होती. राजानंच सोडल्यावर मत कसलं घ्यायचं? आमच्या शेजारचं अक्कलकोट 8 मार्च 1948 ला दक्षिणेतल्या इतर संस्थानांबरोबर मुंबई प्रांतात विलीन झालं, ते सहीनं. मार्चमध्ये सही आणि एप्रिलपासून नवे मामलेदार, असाच बहुतेक ठिकाणचा क्रम. लोकांना हे हवंच होतं, यात शंका नाही. त्यांना विचारलं मात्र गेलं नाही, यातही नाही.

हैदराबादचं तसं नव्हतं. तिथं सार्वमताचा विषय सव्वादोन वर्षांत तीनदा कागदावर आला. तिन्ही वेळा तो बारगळला, आणि दर वेळी कारण वेगळं होतं.

त्या राज्याचा आकार आधी लक्षात घ्यायला हवा. 82 हजार चौरस मैलांहून मोठा प्रदेश, एक कोटी साठ लाखांवर वस्ती, तेलंगण, मराठवाडा आणि कन्नड जिल्हे मिळून सोळा जिल्हे. पंचाऐंशी टक्के प्रजा हिंदू. दरबार, फौज आणि वरच्या नोकऱ्या मात्र बहुतांशी मुसलमानांच्या हाती. 1911 पासून गादीवर असलेला मीर उस्मान अली खान जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून ओळखला जाई आणि त्याच्या चिक्कूपणाच्या गोष्टी त्याच्या संपत्तीहून जास्त सांगितल्या जात. 1946 च्या सुधारणांत विधिमंडळ नेमलं गेलं, त्यातही अल्पसंख्याकांचं बहुमत राहील अशीच मांडणी होती. जून 1947 मध्ये निजामानं फर्मान काढलं: इंग्रज गेले की आपण स्वतंत्र सार्वभौम राजे.

पहिली वेळ आली ती ऑगस्ट 1947 च्या अखेरीस. गव्हर्नर जनरल माउंटबॅटननी निजामाला सुचवलं, की हवं तर इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली सार्वमत घ्या आणि प्रजा म्हणेल तसं करा. निजामाचं उत्तर होतं, की हैदराबादची घटनात्मक स्थितीच अशी आहे की सार्वमताचा प्रश्न उद्भवत नाही. हे उत्तर हेकट वाटतं खरं, पण राजाच्या जागी बसून पाहिलं तर त्यात एक तर्क आहे. आपल्याला राज्य करू द्यायचं की नाही, असं जो रयतेला विचारतो, तो विचारलं त्या दिवसापासून राजा उरत नाही. मतं मोजायची गरजच पडत नाही. निजामाला हे उमगलं होतं. इटलीच्या राजाला ते उमगलं तेव्हा उशीर झाला होता.

निजामाचं राजेपणही मात्र तोवर पूर्ण त्याच्या हातात राहिलेलं नव्हतं. लातूरला वकिली करणारा कासीम रझवी 1946 च्या अखेरीस इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाचा अध्यक्ष झाला होता आणि त्याची रझाकार ही स्वयंसेवक सेना गावोगाव उभी राहत होती. रझवीचं म्हणणं असं, की हैदराबादचं सार्वभौमत्व एकट्या निजामाचं नाही, ते तिथल्या मुसलमानांचं सामूहिक आहे. हे मत निजामालाही अडचणीचंच होतं. 27 ऑक्टोबर 1947 च्या पहाटे त्याचा प्रत्यय आला. दिल्लीशी जैसे थे कराराचा मसुदा ठरला होता, निजामानं त्याला मान्यता दिली होती, आणि निजामाचे पंतप्रधान छत्तारीचे नवाब, सल्लागार सर वॉल्टर मॉन्कटन वगैरे मंडळी विमानानं दिल्लीला निघायची होती. रझवीच्या लोकांनी त्यांच्या घरांना गराडा घातला आणि शिष्टमंडळ निघालंच नाही. छत्तारी गेले आणि त्यांच्या जागी मीर लायक अली आले. जवळपास तोच करार महिनाभरानं, 29 नोव्हेंबरला झाला. एका वर्षासाठी जैसे थे. त्यानंतर काही आठवड्यांतच भारतीय चलनाला हैदराबादेत बंदी घातली गेली आणि पाकिस्तानला वीस कोटींचं कर्ज दिल्याचंही उघड झालं.

मधल्या काळात काठेवाडात एक सार्वमत खरोखरच पार पडलं. जुनागढच्या नवाबानं पाकिस्तानात सामील होण्याचं ठरवलं होतं. मग तो कराचीला पळाला आणि नोव्हेंबरमध्ये भारतानं राज्य ताब्यात घेतलं. 20 फेब्रुवारी 1948 ला मतदान झालं. दोन लाखांहून थोड्या जास्त नोंदलेल्या मतदारांपैकी 1,90,870 जणांनी मत दिलं आणि पाकिस्तानच्या बाजूनं पडली अवघी 91. प्रश्न नवाब हवा की नको असा नव्हता, देश कोणता असा होता. शिवाय मत घेतलं ते फौज आत आल्यानंतर. हैदराबादच्या दरबारानं या आकड्यांतून काय बोध घेतला असेल, ते सांगायला नको.

इकडे सोलापूर या लढ्याचं पिछाडीचं ठाणं बनलं होतं. हे काही एकाएकी झालं नव्हतं. 1930 च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर या शहरात काही दिवस इंग्रज सरकार नावाची गोष्टच उरली नव्हती. त्याबद्दल मार्शल लॉ आला आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन हे चौघे 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेले. डिसेंबर 1938 मध्ये बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद सोलापुरातच भरली आणि हैदराबादच्या आर्यसमाजी सत्याग्रहाची तयारी इथूनच झाली. देशभरातून आलेल्या सत्याग्रहींच्या तुकड्या सोलापूर स्टेशनवर उतरत आणि निजामाच्या तुरुंगांत जात. 1940 साली शहरात दयानंद महाविद्यालय सुरू झालं, त्याची मुळं या सत्याग्रहाच्या ऋणानुबंधात आहेत.

1947-48 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ बहुतेक काळ तुरुंगात होते. बाहेर राहिलेल्यांनी सरहद्दीवर केंद्रं उघडली. सोलापूरच्या केंद्राचा भार फुलचंद गांधींवर होता. बार्शीपासून अक्कलकोट-दुधनीपर्यंतच्या पट्ट्यात सरहद्दीला लागून कॅम्प होते. रात्री तिथून माणसं हद्दीत शिरत, नाके उडवत, सरकारी दप्तरं जाळत. आणि उलट दिशेनं माणसांचे लोंढे येत होते. रझाकारांनी गाव लुटलं, की बैलगाडीत मावेल तेवढं घेऊन लोक उस्मानाबाद, बीड, गुलबर्ग्याकडून सोलापूर जिल्ह्यात उतरत. पाहुणे होते त्यांची सोय झाली, नव्हते ते धर्मशाळांत आणि झाडांखाली राहिले. जुन्या पेठांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात त्या काळाला आजही नाव एकच आहे: 'रझाकारी'. मूल जन्मलं ते रझाकारीत, म्हैस गेली ती रझाकारीत. सार्वमताच्या पेट्या आल्या नाहीत, पण आपलं मत या लोकांनी पायांनी नोंदवलं, असं मला वाटतं. एवढं मात्र प्रामाणिकपणे जोडायला हवं, की जे येऊ शकले त्यांचंच मत त्यात धरलं जातं. तेलंगणातला शेतकरी तर निजामाविरुद्ध आणि देशमुखांविरुद्ध कम्युनिस्टांच्या झेंड्याखाली वेगळंच मत बंदुकीनं देत होता.

22 मे 1948 ला मद्रासहून मुंबईला येणारी गाडी गाणगापूर स्टेशनवर अडवून रझाकारांनी प्रवाशांना मारलं, लुटलं. ती गाडी पुढे येते ती सोलापुरातच. जुलैमध्ये सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नजजवळ भारतीय सैनिकांवर हल्ला झाला आणि लष्करानं ते निजामी गाव ताब्यात घेतलं. आज नान्नज म्हटलं की लोकांना माळढोक आठवतो.

सार्वमताची दुसरी वेळ आली ती या धामधुमीतच, मे-जून 1948 मध्ये. माउंटबॅटनचा मुक्काम संपत आला होता आणि जाण्यापूर्वी हैदराबादचा तिढा सुटावा अशी त्यांची इच्छा होती. दिल्लीच्या संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन, लायक अली आणि मॉन्कटन यांच्या बैठकांत पुन्हा सार्वमताचा मार्ग निघाला. सामील व्हायचं की नाही, ते प्रौढ मतदानानं ठरवा. या वेळी निजामाची बाजू तत्त्वतः तयारही झाली. आदल्या ऑगस्टमध्ये जो प्रश्न 'उद्भवत नव्हता', तो आता उद्भवला. पण मत कधी घ्यायचं, आणि ते घेईपर्यंत राज्य कुणी चालवायचं? भारताचं म्हणणं, आधी हंगामी सरकारात निम्मे मंत्री बिगरमुस्लिम हवेत, रझाकारांवर बंदी हवी, घटना समिती हवी. निजामाच्या बाजूनं मसुद्यात रोज नवी दुरुस्ती येऊ लागली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बोलणी फिसकटली आणि 21 तारखेला माउंटबॅटन गेले.

या प्रसंगाबद्दल दोन्हीकडून बरंच लिहिलं गेलं आहे आणि दोन्ही बाजू लोकमताच्या कैवारी म्हणून दिसतात. माझं मत इतकं उदार नाही. रझाकार गावात मोकाट असताना घेतलेलं मत भारताला नको होतं, आणि ते रास्तच होतं. रझाकार नसताना घेतलेलं मत निजामाला परवडणारं नव्हतं. सार्वमत हे दोघांच्याही लेखी निर्णयाचं साधन नव्हतं. आधीच घेतलेल्या निर्णयावरचा तो शिक्का होता. त्यानंतर निजामानं आणखी एक चाल केली. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सार्वमत घ्यायची तयारी दाखवली आणि ऑगस्टमध्ये सुरक्षा समितीकडे तक्रारही नेली. त्याच महिन्यात, भारतात सामील व्हावं असं उघड लिहिणारे 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादच्या रस्त्यावर खून झाला. ते मुसलमान होते. ज्या राज्यात एका संपादकाला आपलं मत छापून जिवंत राहता येत नाही, तिथं लाखोंनी ते मत पेटीत टाकावं, ही अपेक्षा कशी करायची?

13 सप्टेंबर 1948 ला मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्या हाताखालची मुख्य फौज सोलापूरहून निघाली. आजचा हैदराबाद रस्ता तोच. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्यापूर्वी शाबूत हाती आला आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडला. तुळजापूरला रझाकारांनी दोन-एक तास झुंज दिली. मग उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद. 17 ला संध्याकाळी निजामानं शस्त्रसंधी जाहीर केली, 18 ला त्याचे सेनापती एल एद्रूस चौधरींना शरण आले. पॅरिसमध्ये सुरक्षा समिती हैदराबादची तक्रार ऐकायला बसली होती, तेवढ्यात तक्रारदारानंच ती मागे घेतली. दिल्लीनं या मोहिमेला पोलीस कारवाई म्हटलं. आमच्याकडे तिला अजून 'पोलीस ॲक्शन'च म्हणतात.

इथं बहुतेक लेख थांबतात, म्हणून इथं जरा रेंगाळायला हवं. फौज पुढे गेली आणि तिच्या मागे मराठवाड्यात आणि कन्नड जिल्ह्यांत सूड सुरू झाला. ज्या मुसलमानांचा रझाकारांशी संबंध नव्हता, जे रझाकारांना भीत होते, तेही त्यात मारले गेले. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीला पाठवलं. त्यांच्या अहवालात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेल्याचा अंदाज आहे आणि सर्वांत वाईट झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावं आहेत. हा अहवाल कितीतरी दशकं दडून राहिला. त्यात सोलापूरचंही नाव येतं. फौजेमागोमाग हद्दीत शिरलेल्या सशस्त्र टोळ्यांत सोलापुरातल्या एका जमातवादी संघटनेची शिकवून तयार केलेली माणसं होती, असं समितीनं लिहिलं आहे. ज्या शहरानं निर्वासितांना ओसरी दिली, त्याच शहरातून हेही गेलं. आपण पहिली गोष्ट पुतळ्यांनी आणि रस्त्यांच्या नावांनी जपली, दुसरी मुलांना सांगितली नाही. कुर्बान हुसेन यांच्या गावाला हे शोभत नाही.

मत आधी झालं असतं तर हे टळलं असतं का? मला तसं म्हणवत नाही. जुनागढसारखं फौजेनंतर मत घेतलं असतं, तरी ते एकतर्फीच झालं असतं आणि मेलेली माणसं परत आली नसती. पण एक गोष्ट झाली असती. लातूर-उस्मानाबादकडचे कितीतरी मुसलमान शेतकरी आणि विणकर निजामाच्या बाजूचे नव्हते, हे कुठंतरी आकड्यांत नोंदलं गेलं असतं. मतपेटीत धर्म दिसत नाही. 1948 च्या सप्टेंबरात माणसाचं मत त्याच्या नावावरून ठरवलं गेलं.

सिक्कीमकडे पाहिलं, की मतपेटीचीही मर्यादा कळते. राजेशाही ठेवायची की मोडायची, हा प्रश्न भारताच्या छत्राखाली थेट मताला पडला तो तिथंच. 10 एप्रिल 1975 ला विधानसभेनं चोग्यालचं, म्हणजे राजाचं, पद रद्द करून भारतात सामील होण्याचा ठराव केला, आणि 14 एप्रिलला, म्हणजे चारच दिवसांत, डोंगराळ मुलखात मतदान उरकलं. ठरावाच्या बाजूनं 59,637 मतं, विरुद्ध 1,496. आदल्या दिवसांत भारतीय जवानांनी राजवाड्याचे रक्षक निःशस्त्र केले होते. सार्वमत झालं म्हणून सिक्कीमबद्दलचा वाद मिटला असं नाही. तरी तिथं वादाला आकडे आहेत. नेपाळनं 2008 मध्ये सार्वमताच्या भानगडीत न पडता निवडून आलेल्या घटना समितीकडून राजेशाही संपवली, 560 विरुद्ध 4 मतांनी.

तसाच रस्ता हैदराबादसाठीही कागदावर होता, आणि ती झाली तिसरी वेळ. 23 नोव्हेंबर 1949 ला निजामानं फर्मान काढून भारताची घटना हैदराबादला लागू केली. त्यात एक अट होती. हे सगळं रयतेच्या संमतीच्या अधीन आहे आणि राज्याची घटना समिती बोलावली जाईल, तीच भारताशी असलेल्या संबंधाचं स्वरूप शेवटी ठरवील. फर्मान काढताना निजामाच्या हातात सत्ता उरलेली नव्हती. राज्य लष्करी गव्हर्नर चालवत होता आणि मजकूर दिल्लीच्या संमतीशिवाय निघणं शक्य नव्हतं. म्हणजे हे वचन दिल्लीचंही होतं. 26 जानेवारी 1950 ला देश प्रजासत्ताक झाला आणि मीर उस्मान अली खान त्या प्रजासत्ताकातल्या हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला. ज्याच्याविरुद्ध लढून माणसं तुरुंगात गेली, त्याच्याच नावानं त्यांच्या राज्याचा कारभार आणखी सहा वर्षं नऊ महिने चालला.

1952 मध्ये हैदराबादच्या लोकांना पहिल्यांदा प्रौढ मतदानाचा हक्क बजावता आला. 175 जागांच्या विधानसभेत काँग्रेसला 93 जागा मिळाल्या, बूर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. तेलंगणात कम्युनिस्टांच्या आघाडीनं जोरदार मुसंडी मारली. त्या निवडणुकीत आमदार आणि खासदार निवडायचे होते, राजा हवा की नको हा प्रश्न नव्हता. सामीलीकरणालाच लोकांनी कौल दिला, असं त्या निकालाचं वाचन तेव्हा झालं आणि ते चूक होतं असं म्हणता येत नाही. पण फर्मानात लिहिलं होतं ते हे नव्हतं. 31 ऑक्टोबर 1956 ला राजप्रमुखपद संपलं, दुसऱ्या दिवशी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि तुळजापूरच्या वाटेवरची उरलीसुरली हद्दही पुसली गेली. 1949 च्या फर्मानातली हैदराबादची घटना समिती एकदाही भरली नाही.